टपालसेवकांचे संघ आणि मालकाच्या हातची मान्यता

टपाल वेळेवर येतें तोंपर्यंत तें कोण आणतो याचा विचार कोणी करीत नाहीं. पत्र हातीं पडलें, पार्सल पेढीवर पोहोंचलें, बचतखात्याचें पुस्तक शिक्का उठून परत आलें, म्हणजे गृहस्थ आपल्या उद्योगास लागतो. एखाद्या सकाळीं पोस्टाच्या दाराला कुलूप दिसलें आणि "संप" हा शब्द कानीं आला, म्हणजे मात्र त्यास एकाएकीं स्मरण होतें कीं, या खात्यांत माणसें काम करितात, आणि त्या माणसांचा कांहीं संघही आहे. त्या स्मरणाबरोबर बहुधा रागही येतो. रागाच्या भरांत केलेला विचार क्वचितच नीट होतो. म्हणून पोस्टाचीं दारें उघडीं असतांनाच हा विषय वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

निमित्तही लांबचें नाहीं. 2025 च्या नोव्हेंबरांत मध्यवर्ती सरकारनें न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालीं 8 वा वेतन आयोग नेमला व त्यास अहवालासाठीं 18 महिन्यांची मुदत दिली. अशा आयोगापुढें सेवकांची बाजू मांडावयाची ती त्यांच्या संघांनीं. परंतु याच खात्यांतील एका मोठ्या महासंघाची मान्यता सरकारनें 2023 सालीं काढून घेतली होती, ही गोष्ट अजून जुनी झालेली नाहीं. तेव्हां मुळांतला प्रश्न असा कीं, ज्याच्याशीं वाद घालावयाचा त्याच्याच मर्जीवर ज्याचें बोलणें अवलंबून, तो संघ मोकळेपणानें बोलणार कसा?

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. टपालखात्याची घडी 1854 सालच्या कायद्यानें बसली, आणि त्याच वर्षापासून अर्ध्या आण्यांत देशाच्या एका टोंकाचें पत्र दुसऱ्या टोंकास जाऊं लागलें. या स्वस्ताईची वाखाणणी पुष्कळांनीं केली. पण ज्यांच्या पायांवर ती चालली, त्या हरकाऱ्यांस व डाकवाल्यांस काय मिळतें, हें थोड्यांनींच विचारिलें. आपल्या देशांतील कामगारचळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तरुणपणीं कांहीं काळ टपालखात्यांत नोकरी केली होती. पुढें "दीनबंधु" पत्र चालवून व 1890 सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळवून देऊन त्यांनीं आपलें नांव अमर केलें. 2005 सालीं त्याच टपालखात्यानें त्यांच्या चित्राचें तिकीट काढलें. हा गौरव योग्यच झाला. परंतु मेलेल्या चळवळ्याचें तिकीट काढावें आणि जिवंत चळवळ्यास कारणें दाखविण्याची नोटीस काढावी, ही रीत आमच्या सरकारी कचेऱ्यांच्या अंगवळणीं पडली आहे, हेंही नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

टपालसेवकांचा संघ मुंबईंत 1907 सालीं निघाला. म्हणजे 1926 चा कामगारसंघांचा कायदा होण्यापूर्वीं जवळजवळ वीस वर्षें या लोकांनीं एकत्र येण्याचें धाडस केलें. पुढें 1946 च्या जुलईची 11 तारीख उजाडली. महायुद्धाच्या महागाईनें पोळलेल्या पोस्टमनांनीं व खालच्या श्रेणीच्या नोकरांनीं त्या दिवशीं देशभर काम बंद केलें, आणि 29 जुलईस त्यांच्या सहानुभूत्यर्थ कलकत्ता शहरानें कडकडीत हरताळ पाळला. हिंदु व मुसलमान कामगार त्या दिवशीं एकाच मागणीसाठीं रस्त्यावर आले होते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, 16 ऑगस्टला, त्याच शहरांत धर्माच्या नांवावर रक्ताचे पाट वाहिले. या दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे. पोटाच्या प्रश्नावर माणसें एकत्र आणणाऱ्या संस्था समाजांत का असाव्या, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

परक्यांचें राज्य गेलें, आपलें आलें. परंतु मालक या नात्यानें आपल्या सरकारची दृष्टि फारशी पालटली नाहीं. 2 ऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून 1960 च्या जुलईंत मध्यवर्ती सरकारच्या नोकरांनीं पांच दिवस संप केला, त्यांत टपालसेवक होतेच. सरकारनें वटहुकूम काढून तो मोडला आणि संघांची मान्यता काढून घेतली. 19 सप्टेंबर 1968 रोजीं एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला; पुन्हां वटहुकूम, पुन्हां अटका, पुन्हां मान्यता रद्द. मान्यता कांहीं काळानें परत मिळे, हें खरें. परंतु ती परत देणाराही तोच आणि काढून घेणाराही तोच. पोरास खाऊ दाखवावा आणि रडल्यास काढून घ्यावा, अशांतला हा प्रकार झाला.

येथें एका न्यायनिवाड्याची आठवण देणें अवश्य आहे. संघाची मान्यता गेल्यावरही मुंबईच्या अकौंटंट जनरलच्या कचेरींतील एका नोकरानें त्याचें सभासदत्व सोडलें नाहीं, म्हणून त्याच्यावर खात्यानें कारवाई आरंभिली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अमान्य संघांत नोकरानें राहूं नये असा जो सरकारी नियम होता, तो 1962 सालीं न्यायालयानें घटनाबाह्य ठरविला. तत्त्व असें कीं, संघ स्थापन करण्याचा हक्क घटनेनें नागरिकास दिला आहे; तो सरकारच्या मान्यतेच्या खुंटीस बांधतां येत नाहीं. संप करण्याचा हक्क मात्र न्यायालयानें मूलभूत मानिला नाहीं, आणि 2003 सालीं तामिळनाडूच्या नोकरांच्या प्रकरणांत तर सरकारी नोकरांस तसा हक्कच नाहीं असें स्पष्ट सांगितलें. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे अर्थ असा निघतो कीं, सेवकानें संघ करावा, संघानें मागावें, परंतु मागणें नाकारलें गेल्यास त्यानें काय करावें, याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आतां मान्यता म्हणजे काय, हें व्यापारी वाचकांस नीट कळावें म्हणून सांगतों. 1993 च्या नियमांप्रमाणें, एखाद्या वर्गांतील निदान 35 टक्के सेवक ज्या संघाचे सभासद असतील त्यास सरकार मान्यता देतें. त्याच्या खालोखाल ज्याचे सभासद असतील व ते 15 टक्क्यांहून कमी नसतील, अशा दुसऱ्या संघासही ती मिळूं शकते. वर्गणी पगारांतूनच कापून संघास मिळते. मान्य संघाच्या पत्रास उत्तर येतें, त्याच्या प्रतिनिधीस बैठकीचें बोलावणें येतें. मान्यता गेली कीं वर्गणीचा झरा आटतो, पत्रें फायलींत पडून राहतात, आणि संघ उरला तरी त्याचा आवाज कचेरीच्या भिंतीपलीकडे पोहोंचत नाहीं. पेढीचा परवाना रद्द झाल्यावर मालास कितीही गिऱ्हाईक असलें तरी काय उपयोग, हें व्यापाऱ्यांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

25 एप्रिल 1923 नव्हे, तर स्वतंत्र हिंदुस्थानांत 25 एप्रिल 2023 रोजीं टपालखात्यानें राष्ट्रीय टपालसेवक महासंघाची व त्याच्याशीं संलग्न अशा "क" वर्गाच्या संघाची मान्यता काढून घेतली. आरोप असा कीं, संघानें किसान आंदोलनास व इतर संस्थांस पैसे दिले. आंदोलनास दिलेली रक्कम 30,000 रुपये होती. नियमांत राजकीय कारणासाठीं निधि राखण्यास मनाई आहे, ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. संघानें नियम मोडला असेल तर त्याचा जाब त्यास द्यावा लागेल, आणि वर्गणीदारांच्या पैशाचा हिशेब काटेकोर असावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या चुलीसाठीं दिलेली मदत हें राजकारण कीं परोपकार, याचा निवाडा कोणीं करावा? फिर्यादी खातें, चौकशी करणारें खातें, न्याय देणारेंही खातें! सामान्य सावकारी दाव्यांतसुद्धां असा न्याय आम्ही खपवून घेणार नाहीं. शिवाय दोष ठरला तो चालकांचा. शिक्षा मात्र झाली ती ज्यांनीं विश्वासानें वर्गणी भरली त्या सर्व सभासदांस. व्यवस्थापकानें हिशेबांत गफलत केली म्हणून पेढींतील सर्व ठेवीदारांच्या ठेवी जप्त कराव्या, त्यांतलेंच हें झालें.

परंतु या सर्व प्रकरणाची खरी कसोटी शहरांतल्या मोठ्या पोस्टांत लागत नाहीं, ती खेड्यांत लागते. देशांत सुमारें 1 लक्ष 64 हजार टपालकचेऱ्या आहेत आणि दहांपैकीं नऊ खेड्यांत आहेत. त्यांतल्या बहुतेक शाखाकचेऱ्या ग्रामीण डाकसेवक नांवाच्या लोकांच्या खांद्यावर आहेत. इंग्रजी अमदानींत गांवचा शाळामास्तर किंवा दुकानदार आपलें काम संभाळून तासदोनतास टपाल पाही, त्या पद्धतीचा हा वारसा. 2018 सालीं सरकारनेंच सांगितलेल्या आंकड्यांप्रमाणें अशा 1 लक्ष 29 हजार शाखाकचेऱ्या होत्या आणि त्या वेळच्या वाढीचा लाभ 3 लक्ष 7 हजार डाकसेवकांस होणार होता.

या डाकसेवकाची स्थिति विलक्षण आहे. तो 65 वर्षांपर्यंत सरकारचें काम करितो, सरकारचा पैसा संभाळतो, अफरातफर झाल्यास सरकारी नोकराप्रमाणेंच जबाबदार ठरतो. परंतु तो सरकारी नोकर नव्हे! त्याचें काम दिवसास चारपांच तासांचें धरलेलें. नियमच असा कीं, त्यास उपजीविकेचें दुसरें साधन असलें पाहिजे. शाखेच्या पोस्टमास्तरानें तर कचेरीस जागाही आपणच पाहून द्यावयाची. 1977 सालीं सर्वोच्च न्यायालयानें निवाडा दिला कीं, हे लोक जें पद धारण करितात तें नागरी सेवेचेंच पद होय. त्या निकालानें मनमानी बडतर्फीपासून थोडें संरक्षण मिळालें. पेन्शन, श्रेणी व बढती यांचा मार्ग मात्र खुला झाला नाहीं. वेतन आयोग आले व गेले, आणि डाकसेवकांसाठीं दर वेळीं वेगळी समिति नेमण्यांत आली. 7 व्या आयोगानें नियमित नोकरास दरमहा निदान 18,000 रुपये ठरविले, परंतु डाकसेवक हा नियमित नोकर नव्हे असें म्हणून त्यास पंक्तीबाहेर बसविलें.

त्यानंतर काय झालें तें पाहण्यासारखें आहे. कमलेशचंद्र समितीनें 2016 च्या नोव्हेंबरांत अहवाल दिला. सरकारनेंच नेमलेली समिति, सरकारासच दिलेला अहवाल. तरी तो दीड वर्ष दप्तरांत पडून राहिला. अर्ज झाले, निवेदनें झालीं, धरणीं झालीं. अखेर 22 मे 2018 पासून डाकसेवकांनीं काम बंद केलें. संपाच्या सोळाव्या दिवशीं, 6 जूनला, मंत्रिमंडळानें वाढ मंजूर केली: शाखेच्या पोस्टमास्तरास चार तासांबद्दल 12,000 व पांच तासांबद्दल 14,500, इतर डाकसेवकांस 10,000 व 12,000 रुपये, वर महागाईभत्ता, आणि निवृत्तीच्या वेळीं मिळणाऱ्या उपदानाची मर्यादा 60,000 वरून दीड लक्षावर नेली. जें दीड वर्षांत अर्जानें झालें नाहीं तें सोळा दिवसांत संपानें झालें! संप वाईट, संप लोकद्रोही, असें सरकार एका तोंडानें सांगतें. आणि संपावांचून आम्ही ऐकत नाहीं, असें आपल्या कृतीनें शिकवितें. या शिक्षणाचीं फळें पुढें कटु आलीं तर दोष शिष्याचा कीं गुरूचा?

येथें आमचे व्यापारी वाचक म्हणतील कीं, हें सर्व खरें. पण त्या सोळा दिवसांत आमच्या मालाचें काय? ज्या विधवेचें पेन्शन त्या पोस्टांतून येतें तिनें काय करावें? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो खोटा आहे असें म्हणणारा संघाचा हितचिंतक नव्हे. टपाल ही सार्वजनिक सेवा आहे, आणि तिच्या खोळंब्याचा पहिला फटका गरिबासच बसतो. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, संप नको असेल तर संपाची गरज राहणार नाहीं अशी व्यवस्था करा. दार बंद ठेवून, कोणी भिंत फोडली म्हणून ओरड करण्यांत अर्थ नाहीं.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंत 1970 च्या मार्चमध्यें न्यूयॉर्कच्या टपालवाल्यांनीं संप केला. तेथेंही संघराज्याच्या नोकरानें संप करणें हा कायद्यानें गुन्हाच होता. परंतु न्यूयॉर्कसारख्या महाग शहरांत त्यांच्यापैकीं कित्येकांचा पगार इतका तुटपुंजा होता कीं, निराधारांस मिळणाऱ्या सरकारी मदतीस ते पात्र ठरत. आणि त्याच सुमारास, 1969 सालीं, तेथील विधिमंडळाच्या सभासदांनीं आपल्या स्वतःच्या वेतनांत सुमारें 41 टक्क्यांची वाढ करून घेतली होती. संप पसरत जाऊन त्यांत सुमारें दोन लक्ष नोकर सामील झाले. अध्यक्ष निक्सन यांनीं पत्रें वांटण्यास सैनिक पाठविले, परंतु बंदूक धरण्याचें शिक्षण मिळालेल्यांस टपाल निवडण्याचें काम साधेना. आठ दिवसांत बोलणीं सुरूं झालीं, आणि ऑगस्टांत नवा कायदा झाला. त्या कायद्यानें टपालसंघांस पगाराविषयीं वाटाघाट करण्याचा हक्क मिळाला आणि तडजोड न झाल्यास लवादाचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक झाला. संपाची मनाई मात्र तशीच राहिली. तेव्हांपासून तसा देशव्यापी टपालसंप तेथें झालेला नाहीं. मनाई पूर्वींही होती. फरक पडला तो लवादाच्या दारानें.

आपल्याकडेही 1966 पासून संयुक्त सल्लामसलतीची योजना आहे व तींत लवादाची तरतूद आहे. परंतु ती पगार व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा एवढ्यापुरतीच. आणि लवादाचा निर्णय फिरविण्याचा अधिकार संसदेकडे राखलेला आहे. संघाची मान्यता राहावी कीं जावी, हा प्रश्न तर लवादाच्या कक्षेंतच येत नाहीं. कुंपण घातलें आहे, पण ज्या बाजूनें गुरें शिरतात तीच बाजू मोकळी ठेविली आहे.

सरकारास दोष दिला म्हणून संघांस निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. एका खात्यांत अनेक महासंघ, प्रत्येकाच्या मागें कोणत्या ना कोणत्या राजकीय पक्षाची सांवली, आणि एकानें मागणी केली कीं दुसऱ्यानें ती आपलीच म्हणून मिरवावी, हा देखावा कोणास भूषणावह नाहीं. त्याहून मोठा दोष आमच्या मतें असा कीं, पगारी पोस्टमन व कारकून यांनीं पंक्तीबाहेर बसलेल्या डाकसेवकास दीर्घकाळ आपला धाकटा भाऊ म्हटलें, पण वांटणीच्या वेळीं त्याचें ताट मागें राहिलें. उच्चनीचतेचा जो रोग आपल्या समाजास जडला आहे, तोच संघांच्या कचेरींतही शिरला म्हणावयाचा. ज्यांस समतेचा न्याय मागावयाचा आहे त्यांनीं तो प्रथम आपल्या घरांत द्यावा. वर्गणीचा पैन्पै हिशेब दरवर्षीं सभासदांपुढें ठेवावा, चालकांची निवड गुप्त मतदानानें व्हावी, आणि कार्यकारी मंडळावर डाकसेवकांस, विशेषतः त्यांतील स्त्रियांस, त्यांच्या संख्येप्रमाणें जागा असाव्या. असें झालें तर कोणा खात्यास वर्गणीच्या आडून मान्यतेचा गळा आवळतां येणार नाहीं.

काळही आतां बदलला आहे. 2023 सालीं नवा टपालकायदा झाला व 2024 च्या जूनपासून अमलांत आला. पत्रें नेण्याचा जो एकाधिकार 1898 च्या कायद्यानें सरकारकडे होता, तो नव्या कायद्यांत ठेविलेला नाहीं. 2025 सालीं जुनें रजिस्टर टपाल स्पीडपोस्टांत विलीन झालें. खाजगी कुरिअरवाल्यांशीं चढाओढ आतां उघड आहे. या चढाओढींत कित्येक व्यापाऱ्यांस स्वस्त कुरिअर सोयीचें वाटेल, आणि तें घेण्याचा त्यांस अधिकार आहे. परंतु त्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. नफा दिसेल तेथें कुरिअरवाला जातो. जेथें दिवसाला दोनच पत्रें आणि एकच पार्सल जावयाचें, तेथें डाकसेवक जातो. तुमचा बाजार त्या गांवापर्यंत पोहोंचावा असें वाटत असेल, तर तो जाणारा माणूस टिकला पाहिजे. आणि तो टिकावयाचा तर त्याची बाजू मांडणारा संघही टिकला पाहिजे. चार तासांच्या वेतनावर आठ तासांचें ओझें लादून कोणतेंही दुकान फार दिवस चालत नाहीं, मग तें सरकारचें कां असेना.

तेव्हां आमच्या सूचना थोडक्यांत अशा. संघाची मान्यता देण्याचा व काढण्याचा अधिकार खात्याकडून काढून एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकाऱ्याकडे द्यावा. नियमभंगाबद्दल शिक्षा झालीच तर ती चालकांस व्हावी, सर्व सभासदांस नव्हे. लवादाची व्याप्ति वाढवून त्याचा निर्णय ठराविक मुदतींत अमलांत आणण्याचें बंधन सरकारावर असावें. आणि ग्रामीण डाकसेवकाच्या वेतनाचा विचार निराळ्या समितीच्या अडगळींत न टाकतां 8 व्या आयोगाकडेच सोंपवावा. तसें करण्यास सरकारास एका ठरावापलीकडे कांहीं लागत नाहीं. यांतील एकही मागणी संपाची नाहीं. उलट प्रत्येक मागणी संप टळावा म्हणूनच आहे.

शेवटीं आमच्या व्यापारी बंधूंस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. टपालाचे दर वाढले कीं आपले व्यापारी मंडळ ठराव करतें, रेल्वेचें भाडें वाढलें कीं शिष्टमंडळ दिल्लीस जातें. टपालसेवकाच्या बाजूनें असा एकही ठराव करण्यास काय हरकत आहे? पुढें कधीं पोस्टाच्या दारावर पुन्हां कुलूप दिसलें, तर सेवकांस दूषण देण्याआधीं एवढेंच विचारावें कीं, या माणसांनीं यापूर्वीं किती अर्ज केले होते, आणि त्यांस उत्तर कोणीं व कधीं दिलें. त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सरकारापाशीं असेल, तर संपाचा निषेध करण्यांत आम्हीही मागें राहणार नाहीं. तें उत्तर नसेल, तर कुलूप सेवकांनीं लावलेलें दिसलें तरी त्याची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या खिशांत आहे, हें जाणत्यांस सांगावयास नको.